आत्याचा प्रश्न, कोम्बुचाची बरणी आणि बारावीतली बेनेडिक्ट चाचणी

"पीएच.डी.ला प्रवेश मिळेपर्यंत सहा-आठ महिने हातात आहेत, तोवर काय करू?" हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतं. नेट-सेटचा अभ्यास चालू असतो, प्रपोजलचे दोन-तीन मसुदे होऊन गेलेले असतात, पण हाताशी प्रयोगशाळा नसते. पेपर वाचायची सवय लावा, हे सगळे सांगतातच. मी त्यात एक भर घालते: घरी कोम्बुचाची एक बरणी लावा. आणि बरणीच्या आधी एक वही आणा.

कोम्बुचा म्हणजे आंबवलेला गोड चहा. दूध नाही, मसाला नाही, नुसता साखर घातलेला कोरा चहा. त्यात आधीच्या कोम्बुचाचं विरजण घालून आठ-दहा दिवस कापड बांधून ठेवला की तो आंबट, किंचित फसफसणारा होतो. मी हे छंद म्हणून सुरू केलं होतं. त्याचं गांभीर्य कळलं ते आत्यामुळे.

आत्या साताऱ्याला असते. तिला मधुमेह आहे, बरीच वर्षं गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षी तिच्या व्हॉट्सॲपवर कोम्बुचाचा एक मेसेज आला आणि लगेच मला फोन. "अगं, तू ते चहाचं करतेस ना घरी? त्यातली साखर ते जंतू खाऊन टाकतात म्हणे. मग मला चालेल की! रोज एक ग्लास घेईन."

मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते. वर्षभर घरी कोम्बुचा लावत होते. आणि तरी मला उत्तर देता येईना. साखर जंतू खातात हे खरं, पण किती खातात? आठव्या दिवशी ग्लासात किती उरते? मी म्हटलं, "थांब आत्या, मोजून सांगते." ते मोजायला मला जवळजवळ तीन महिने लागले. त्यातला बराचसा वेळ आधीच्या चुका निस्तरण्यात गेला. त्या चुकाच तुम्हाला सांगायच्या आहेत.

बरणीत काय चालतं

विरजणात दोन प्रकारचे जीव असतात. एक यीस्ट, दुसरे ॲसेटिक आम्ल तयार करणारे जीवाणू. यीस्ट इन्व्हर्टेज नावाचं विकर बाहेर सोडतं. हे विकर साखरेचा रेणू, म्हणजे सुक्रोज, तोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे करतं. ही तोडफोड बहुतांशी पेशीच्या बाहेर, चहातच होते, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे. मग यीस्ट त्या लहान साखरा खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. जीवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. काही ग्लुकोजचं ग्लुकॉनिक आम्लही होतं.

वर जी जाड, चिवट, पांढरट चकती तरंगते तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्कोबी' म्हणतात. बरेच जण तिला 'मशरूम' समजतात, पण ती बुरशी नाही. ती जीवाणूंनी विणलेली सेल्युलोजची साय आहे. कोमागाटाएबॅक्टर झायलिनस हा त्यातला प्रमुख विणकर. ॲड्रियन जॉन ब्राउन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८८६ मध्येच दाखवलं होतं की व्हिनेगरवर येणाऱ्या अशा सायीतला पदार्थ म्हणजे झाडांमध्ये असतं तेच सेल्युलोज. नवशिक्यांचं सगळं लक्ष या चकतीकडे असतं. फोटोही तिचेच निघतात. खरं काम मात्र चकतीखालच्या आंबट पाण्यात आहे. चकती नसली तरी चालेल, विरजणाचं पाणी हवंच. दह्याचंच बघा, विरजण म्हणून वरची सायच लागते असं थोडंच आहे?

पहिली बरणी

माझं एक लिटरचं प्रमाण असं आहे. पाणी एक लिटर, साखर ७० ग्रॅम, चहा ६ ग्रॅम, आधीच्या कोम्बुचाचं आंबट पाणी १०० मिलिलिटर. चहा साधा काळा घ्या. आपली नेहमीची सीटीसी चहा पावडर चालते, फक्त ती पटकन कडक होते, म्हणून पाच-सहा मिनिटांत गाळून घ्या. वेलची, लवंग, गवती चहा असलं काही घातलेली पावडर नको. त्यातली सुगंधी तेलं जीवाणूंना त्रास देतात. साखर आणि चहा चमच्याने मोजू नका. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणा. "एक वाटी साखर" हे वहीत लिहिलंत तर पुढच्या वेळी ती वाटी कोणती होती हे तुम्हालाही आठवणार नाही.

चहा गाळून पूर्ण गार होऊ द्या. हाताला कोमट लागत असेल तरी थांबा, गरम चहात विरजण मरतं. मग काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत ओता, विरजण घाला, ढवळा, आणि दाट विणीचं सुती कापड तोंडावर घट्ट बांधा. जाळीदार फडकं नको. चिलटं इतकी बारीक असतात की जाळीतून सहज आत जातात आणि आंबूस वासाला ती हमखास येतात. एकदा का आत अंडी घातली की बरणी गेली.

बरणी काचेचीच का? घरात आजीची चिनी मातीची लोणच्याची बरणी असते आणि ती वापरायचा मोह होतो. मलाही झाला होता. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात एका जोडप्याची नोंद आहे: चिनी मातीच्या भांड्यात कोम्बुचा करून पिणाऱ्या दोघांनाही शिशाची विषबाधा झाली होती. भांड्याच्या झिलईतलं शिसं आम्लात उतरत होतं. तुमच्या आजीची बरणी कदाचित निर्दोष असेल, पण ती नुसती बघून कळत नाही. तांब्या-पितळेचं तर बोलायलाच नको. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवायचा नाही हे आपल्या घरात शिकवावं लागत नाही.

विरजण १०० मिलिलिटर, म्हणजे दहा टक्के, का? कारण पहिले दोन-तीन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. गोड चहाचा पीएच साधारण ५ असतो आणि त्यावर कोणीही वाढू शकतं. विरजणातलं आम्ल पहिल्या मिनिटालाच तो खाली आणतं. माझ्या बरण्यांत विरजण घातल्यावर तो ४ च्या जरा खाली यायचा. पीएच ४.६ च्या खाली बॉट्युलिझमचा जीवाणू वाढत नाही, हा अन्नप्रक्रियेतला जुना आधार आहे. अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या मार्गदर्शनात कोम्बुचासाठी ४.२ किंवा त्याखाली ही हद्द धरतात. सात दिवसांत तिथवर पोचला नाही तर काहीतरी बिघडलंय समजून तो फेकायचा. खालची हद्द २.५, त्यापुढे तो पिण्यापेक्षा फरशी पुसायला बरा.

हे मोजायला लिटमस चालणार नाही. तो फक्त आम्ल की आम्लारी एवढंच सांगतो. लहान पट्ट्यातल्या पीएच पट्ट्या घ्या, साधारण २.५ ते ४.५ मधला फरक दाखवणाऱ्या. चहाचा रंग पट्टीवर चढतो आणि वाचन चुकतं, म्हणून साध्या कोऱ्या चहात एक पट्टी बुडवून शेजारी ठेवा. पीएच मीटर मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण वापरण्याआधी ४ आणि ७ च्या बफरने तो जुळवून घ्या. न जुळवलेला मीटर आत्मविश्वासाने चुकीचं सांगतो, आणि दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतो, म्हणून आपणही विश्वास ठेवतो.

पुण्यात एप्रिल-मे मध्ये माझी बरणी सहाव्या-सातव्या दिवशीच तयार होते. डिसेंबरात त्याच प्रमाणाला बारा दिवस लागतात. म्हणून "आठ दिवस ठेवा" ही पाककृती अपुरी आहे. तापमान लिहिल्याशिवाय दिवसांना अर्थ नाही.

गुळाची गोष्ट

आता माझी चूक. पहिली बरणी सुंदर झाली होती, मार्चमध्ये. त्या यशाने मी इतकी हुरळले की दुसरी लावताना साखरेऐवजी गूळ घेतला, काळ्याऐवजी ग्रीन टी घेतला, आणि पहिला कोम्बुचा सगळ्यांनी पिऊन संपवल्यामुळे विरजण जेमतेम तीन चमचे उरलं होतं, तेवढंच घातलं. महिना जुलै. सहाव्या दिवशी चकतीवर हिरवट-निळी, केसाळ बुरशी.

मी काय निष्कर्ष काढला? "गूळ चालत नाही." आणि तो मी प्रयोगशाळेत, घरी, मैत्रिणींच्या ग्रुपवर, सगळीकडे सांगितला. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात! पुढे एका मैत्रिणीने नीट दहा टक्के विरजण घालून गुळाचा कोम्बुचा केला आणि बाटली भरून आणून दिली. उत्तम होता. मग मी वही शोधली, तर त्या बरणीची नोंदच नव्हती. पीएच नाही, तापमान नाही, विरजण किती घातलं तेही मला फक्त आठवत होतं म्हणून. तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, ऋतू धरला तर चार. त्यांतल्या कोणत्या गोष्टीमुळे बुरशी आली हे त्या बरणीवरून कोणालाही सांगता आलं नसतं. माझा अंदाज आजही विरजणाच्या कमतरतेवर आहे, पण तो अंदाजच.

बुरशीबद्दल एवढं पक्कं लक्षात ठेवा. चकतीखाली लोंबणारे तपकिरी धागे, तळाचा गाळ, चकतीवरचे बुडबुडे, वेडावाकडा आकार हे सगळं ठीक आहे, ते यीस्ट आहे. वरच्या कोरड्या बाजूला आलेलं काहीही केसाळ, पावडरीसारखं, हिरवं-निळं-काळं किंवा पांढरं लवदार असेल तर ती बुरशी. मग चकती धुऊन वापरायची नाही, वरचं काढून खालचं प्यायचं नाही. बुरशीचं विष द्रवात उतरू शकतं आणि ते चवीला कळत नाही. चकतीसकट सगळं फेका, बरणी उकळत्या पाण्याने धुवा, नवं विरजण आणा.

आणि नवं विरजण मिळावं म्हणून दर वेळी २०० मिलिलिटर बाजूला काढून ठेवायचं, कोणी कितीही मागितलं तरी. माझ्या आजीने कधी दह्याचं पातेलं पूर्ण रिकामं केलेलं मला आठवत नाही. मी मात्र पहिल्याच वेळी केलं.

साखर खाल्ली की तोडली?

आता आत्याच्या प्रश्नाकडे. तिचा प्रश्न होता "मला चालेल का?" हा प्रश्न मोजता येत नाही. तो मोजता येईल असा करायला मला बराच वेळ लागला: "मी वर दिलेल्या प्रमाणात, या तापमानाला, आठव्या दिवशी २०० मिलिलिटरमध्ये एकूण साखर किती ग्रॅम उरते?" बघा, प्रश्न किती लहान झाला. पहिल्यांदा असं लहान करताना काहीतरी गमावल्यासारखं वाटतं. आत्याला मधुमेहाबद्दल विचारायचं होतं आणि मी बरणीबद्दल बोलतेय. पण एवढ्याचंच उत्तर माझ्या हातात होतं.

साखर मोजायची सोपी पद्धत तुम्ही बारावीच्या प्रात्यक्षिकात केलेली आहे. बेनेडिक्ट चाचणी. ५ मिलिलिटर निळं द्रावण, ८ थेंब नमुना, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. साखर असेल तशी निळ्यावरून हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी अशी चढण. एक मैत्रीण कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, तिच्या प्रयोगशाळेत शनिवारी दुपारी आम्ही बसलो. (हे द्रावण स्वयंपाकघरात, चहाच्या पातेल्यात नको. त्यात तांब्याचा क्षार असतो.)

पहिल्या दिवशी मी दोनच नळ्या घेतल्या. एक विरजण न घातलेला गोड चहा, दुसरी आठव्या दिवसाचा कोम्बुचा. गोड चहा: जवळजवळ निळाच. कोम्बुचा: गडद विटकरी.

जरा थांबा आणि या निकालाचा अर्थ काय लावाल ते ठरवा. वरवर पाहता साखर शून्यावरून भरपूर झाली! जंतूंनी साखर खाल्ली नाही, उलट बनवली. माझी मैत्रीण हसायला लागली. मला मात्र क्षणभर घाम फुटला, कारण असाच निकाल प्रयोगशाळेत एखाद्या नव्या संयुगाचा आला असता तर मी कदाचित सरांकडे धावत गेले असते.

उत्तर वर येऊन गेलं आहे. बेनेडिक्ट सुक्रोजला ओळखतच नाही. ते फक्त क्षपणकारी साखरा दाखवतं, म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज वगैरे. गोड चहात ७० ग्रॅम साखर होती, पण ती चाचणीला अदृश्य होती. यीस्टने ती तोडली आणि ती दिसायला लागली. निकाल खरा होता, आमचं वाचन चूक होतं. उपकरण काय मोजतं आणि आपल्याला काय मोजायचं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. नळी हातात धरून ते पहिल्यांदा पटलं.

दुसऱ्या शनिवारी नळ्या वाढल्या. नुसतं पाणी. बिनसाखरेचा कोरा चहा, कारण चहातले पॉलिफिनॉलही थोडं क्षपण करू शकतात. आमच्या नळीत किंचित हिरवट झाक आलीच. विरजण न घातलेला गोड चहा. विरजण घातल्याबरोबर लगेच काढलेला नमुना, म्हणजे शून्यावा दिवस. आणि आठवा दिवस. शून्याव्या दिवसाची नळी मी जवळजवळ विसरले होते. पण विरजणाबरोबर आधीच्या बरणीतलं ग्लुकोज-फ्रुक्टोजही येतं, त्यामुळे खरी सुरुवात ती आहे, गोड चहा नव्हे. तुमच्या संशोधनातही "उपचाराआधी" आणि "उपचार दिल्याच्या क्षणी" यांत असा फरक निघेल, तेव्हा ही नळी आठवा.

एकूण साखर कळायला आधी सगळं सुक्रोज आपणच तोडायला हवं. नमुन्यात थोडं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून गरम केलं की ते तुटतं. मग खाण्याच्या सोड्याने फेस यायचा थांबेपर्यंत आम्ल मारायचं, आणि मगच बेनेडिक्ट, नाहीतर आम्लच चाचणी बिघडवतं. हे करताना नमुना किती पातळ झाला याचा हिशोब वहीत ठेवायचा. मग नमुना पाण्याने पातळ करत जायचं आणि कितीपट पातळ केल्यावर रंग ०.२५ टक्के ग्लुकोजच्या नळीशी जुळतो ते बघायचं.

आमच्या बरणीत शून्याव्या दिवशी तो साधारण २५ पटीला जुळला, म्हणजे लिटरला ६० ग्रॅमच्या थोडं वर. हे अपेक्षित होतं आणि म्हणूनच आनंद झाला: घातलेली साखर मोजणीत परत सापडली, म्हणजे पद्धत फार चुकत नाहीये. आठव्या दिवशी तो १५ आणि २० पटींच्या मध्ये कुठेतरी जुळला. म्हणजे लिटरला ३७ ते ५० ग्रॅम. रंग डोळ्यांनी जुळवलेले, त्यामुळे याहून नेमका आकडा मी देणार नाही. मैत्रीण १८ म्हणत होती, मी १६. आम्ही दोघींनी एकमेकींना न सांगता आधी कागदावर लिहिलं होतं, म्हणून निदान हा मतभेद तरी प्रामाणिक होता.

२०० मिलिलिटरच्या ग्लासात हे ७ ते १० ग्रॅम होतात, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे साखर. आणि त्यातली बरीचशी आधीच तुटलेली. जास्त दिवस ठेवला तर साखर अजून कमी होते, पण आम्ल इतकं वाढतं की ग्लासभर पिववत नाही.

बरण्यांबद्दल एक गोष्ट राहिली. मी त्या वेळी तीन बरण्या लावल्या होत्या आणि "तीन वेळा करून पाहिलं" असं लिहिणार होते. पण तिन्हींत एकाच पातेल्यातला चहा होता, एकच विरजण होतं, एकाच ओट्यावर त्या एकाच आठवड्यात उभ्या होत्या. यावरून बरणी-बरणीतला फरक कळतो, पण पुढच्या महिन्यात, दुसऱ्या विरजणाने काय होईल ते कळत नाही. खऱ्या अर्थाने तीन वेळा करायचं तर तीन वेगवेगळ्या वेळी, नव्याने चहा उकळून करायला हवं. मी ते केलं, आणि तीन महिने गेले ते यातच. मेमधली आणि जुलैमधली बरणी एकसारखी निघाली नाही.

वाचन करताना

कोम्बुचावर वाचायला लागलात की बहुतेक लेखांची सुरुवात एकसारखी दिसेल: इ.स.पू. २२० मध्ये चीन, मग इ.स. ४१४ मध्ये कोम्बु नावाचा वैद्य तो जपानच्या सम्राटाकडे घेऊन गेला. चांगल्या परीक्षण-लेखांतही हे असतं. एक सराव म्हणून या दोन वाक्यांचे संदर्भ उलटे शोधत जा. एका लेखातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या लेखात जाल. बरं, जपानीत 'कोम्बु' म्हणजे समुद्रशैवाल आणि जपानमध्ये 'कोम्बुचा' मागितलात तर त्या शैवालाचं खारट पेय येईल. आंबवलेल्या चहाला तिथे 'कोचा किनोको' म्हणतात. तेव्हा त्या वैद्याच्या गोष्टीकडे जरा सावधपणे बघितलेलं बरं.

आरोग्याच्या दाव्यांचंही तेच. २००३ मध्ये एडझार्ड अर्न्स्ट यांनी पद्धतशीर शोध घेतला तेव्हा माणसांवरचा एकही नियंत्रित अभ्यास त्यांना सापडला नव्हता. मधुमेहाबद्दल जो अभ्यास आत्याच्या मेसेजमध्ये बहुधा फिरत होता तो २०२३ चा, 'फ्रंटियर्स इन न्यूट्रिशन'मधला. त्यात टाइप २ मधुमेहाचे १२ जण घेतले होते, चार आठवडे, आणि उपाशीपोटीची साखर कमी झाल्याचं दिसलं. लेखकांनी स्वतःच त्याला पायलट म्हटलं आहे, म्हणजे मोठा अभ्यास करावा की नाही हे ठरवण्यासाठीची चाचपणी. मेसेजमध्ये आकडा आला, 'पायलट' आणि '१२' हे शब्द गळले. शिवाय तो कोम्बुचा विकत मिळणारा, ठरलेल्या घडणीचा होता. माझ्या ओट्यावरचा नव्हे.

उलट बाजूनेही घाई नको. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात कोम्बुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तातलं आम्ल धोकादायक वाढलं, त्यातली एक दगावली. सीडीसीच्या अहवालात मात्र थेट संबंध सिद्ध झाल्याचं म्हटलेलं नाही. त्याच मूळ चकतीपासून केलेला कोम्बुचा गावात इतरही अनेक जण पीत होते आणि त्यांना काही झालं नव्हतं. अहवाल लहान आहे. "संबंध दिसतो" आणि "कारण आहे" यांच्यामध्ये सरकारी संस्था किती जपून पाय टाकते ते बघण्यासाठी मुद्दाम वाचा.

तरी गरोदर स्त्रिया, लहान मुलं, प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना घरचा कोम्बुचा मी देत नाही. आणि यात थोडं अल्कोहोल असतंच. आपल्याकडे ०.५ टक्क्यांच्या वर गेलं की ते नियमांनुसार मद्यात मोडतं. बाटलीत घट्ट बंद करून बाहेर ठेवलात तर ते वाढतं आणि वायूचा दाबही. काचेची बाटली फुटू शकते. पहिल्या दोन-तीन वेळा बाटल्यांच्या भानगडीत पडूच नका, गाळून थेट फ्रीजमध्ये ठेवा.

आत्याला मी फोन केला तो जुलैअखेर. म्हटलं, "आत्या, माझ्या बरणीतल्या एका ग्लासात दोन चमचे साखर उरते. औषध म्हणून घेऊ नकोस. कधी चवीला घोटभर घ्यायचाच असेल तर सरबत प्यालीस असं धर, आणि आधी डॉक्टरांना विचार. गोळ्या तर अजिबात कमी करायच्या नाहीत."

"दोनच चमचे?" ती म्हणाली. तिच्या डोक्यात मेसेज अजून होताच. मग मी उलटं विचारलं, "तुझ्या चहात तू किती घालतेस?"

"एकही नाही. बारा वर्षं झाली."

"मग?"

जरा वेळ काही बोलली नाही. "मग आपलं ताकच बरं," म्हणाली. गणपतीत घरी आली तेव्हा विरजण मात्र मागून घेतलं, शेजारच्या मुलीला हवं होतं म्हणून. मी लहान काचेच्या बाटलीत २०० मिलिलिटर भरून दिलं आणि वर कागद चिकटवला: काढल्याची तारीख, काळा चहा, साखर लिटरला ७० ग्रॅम, पीएच ३.१, खोलीचं तापमान २६. आत्याने चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाली, "एवढं तर माझ्या औषधाच्या बाटलीवर पण नसतं गं."